परदेशी कंपनीचं वीज केंद्र: वाटाघाटींना बसण्याआधीची तयारी

निविदेतली किंमत शेवटी बघा, आधी कोळशाचा अहवाल मागवा. आपल्या कोळशात राख 30 ते 45 टक्क्यांपर्यंत असते आणि तिच्यातली सिलिका बॉयलरच्या नळ्या घासून पातळ करते. कमी राखेच्या कोळशासाठी आखलेला बॉयलर नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेडा भागात आणून बसवला, तर नळ्या फुटणार, संच बंद पडणार आणि खापर कोळशावर फुटणार. म्हणून नेहमीचा कोळसा आणि वाईटात वाईट कोळसा, दोन्हींचे आकडे करारातच लिहून घ्या. नमुने वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या) खाणींतले हवेत, त्यात पावसाळ्यातला ओला कोळसाही हवा.

मग ऊन. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर जातो, कूलिंग टॉवरचं पाणी गरम राहतं, कंडेन्सरमधली (टर्बाइनमधून आलेली वाफ थंड करून तिचं पाणी करणाऱ्या भागातली) निर्वात पोकळी घसरते आणि वीज कमी निघते. कंपनीनं हमी दिलेली वीज निघते का, ही चाचणी डिसेंबरात घेऊन तक्त्यांवरून मे महिन्याचा आकडा काढून दाखवतात. ते तक्ते सहीआधी तपासून घ्या. कोराडीच्या केंद्राला नागपुरातल्या भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी जातं. असं पाणी वापरायचं असेल तर कंडेन्सरच्या नळ्या कोणत्या धातूच्या, हेही विचारा. सुटे भाग, नकाशे, कंट्रोल सिस्टिमचे पासवर्ड आपल्या ताब्यात येणार का, तेही लेखी घ्या.

पैशांच्या बाजूला कोकणातल्या दाभोळ वीज केंद्राचा करार समोर ठेवा. डिसेंबर 1993 मध्ये राज्याच्या वीज मंडळानं एन्रॉन या अमेरिकी उद्योगाच्या कंपनीशी करार केला तेव्हा डॉलर सुमारे 31 रुपयांना होता, 2001 मध्ये 47 च्या आसपास गेला. दर डॉलरशी बांधलेला, वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यायचाच, वर राज्य सरकारची हमी. मे 2001 मध्ये केंद्र बंद पडलं. माझं ठाम मत आहे की डॉलर दीडपट महाग झाला तर युनिटचा दर किती होईल, हे गणित न मांडता कोणीही सही करू नये.

इंधन आयात असेल तर गुजरातमधली मुंद्राची, इंडोनेशियाच्या कोळशावर चालणारी वीज केंद्रं आठवा. इंडोनेशियानं 2010 मध्ये कोळशाच्या दराचे नियम बदलले. परदेशातला तो बदल कराराखाली सवलतीला पात्र नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं. ठरलेल्या किमतीच्या करारावरही विसंबू नका. फिनलंडचं ओल्किलुओटो-3 हे अणुवीज केंद्र तसंच घेतलं होतं. 2009 ला सुरू व्हायचं ते 2023 मध्ये नियमित चालू झालं.

बँक गॅरंटी भारतातल्या शाखेत वटणारी आणि उशिराचा दंड पुरेल एवढी हवी.