अमेरिकेतले इस्रायली आणि मंगोलियन: दोन स्थलांतरित समाजांची आर्थिक तुलना नीट कशी करायची

अमेरिकेतल्या मंगोलियन लोकांमध्ये पंचविशी ओलांडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांकडे कॉलेजची डिग्री आहे, आणि तरी प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेने २०१९ चा डेटा तपासला तेव्हा याच समाजातले साधारण २५ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली निघाले, म्हणजे देशाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट. आता नुसती डिग्री बघणारा म्हणेल हा समाज एकदम पुढे, नुसती गरिबी बघणारा म्हणेल एकदम मागे, आणि दोघांच्याही हातातला आकडा खराच असेल. याच्या शेजारी इस्रायलमधून आलेले लोक ठेवले की गोंधळ अजून वाढतो, कारण ते कितीतरी आधीपासून येतायत, संख्येने लाखाच्या वर आहेत आणि त्यांच्यात कॅलिफोर्नियातला सॉफ्टवेअरवालाही आहे आणि ब्रुकलिनमधलं आठ-दहा माणसांचं धार्मिक कुटुंबही आहे. म्हणून ही जोडी शिकायला फार चांगली आहे. इकॉनॉमिक्स, सोशिऑलॉजी, पब्लिक पॉलिसी असं काही शिकणाऱ्यांना अशी तुलना कधी ना कधी करावीच लागते, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात जास्त वेळ कशात घालवायचा तर "इस्रायली कोण आणि मंगोलियन कोण" हे ठरवण्यात. उत्पन्न, गरिबी वगैरे नंतर. अमेरिकेची जनगणना धर्म विचारत नाही, १९७६ च्या कायद्यानुसार धर्माचा प्रश्न कोणावर सक्तीचा करता येत नाही, त्यामुळे "ज्यू" असा रकाना तुम्हाला मिळणारच नाही. मिळतं काय तर जन्मदेश, वंश, मूळ (पूर्वज कुठले ते) आणि घरी बोलली जाणारी भाषा. स्थलांतरित म्हटलं की आपण जन्मदेश धरतो, पण जन्मदेश इस्रायल धरला की त्यात नाझरेथ-हैफाचे अरबही येतात (यायलाच हवेत, तेही इस्रायलमधूनच आलेत) आणि मॉस्कोत किंवा कॅसाब्लांकात जन्मून तीस वर्षं तेल अवीवला काढून मग न्यूयॉर्कला आलेला माणूस मात्र गळतो, तो रशिया नाहीतर मोरोक्कोच्या खात्यात जातो. आपल्या कोकणातले बेने इस्रायली ज्यू घ्या ना. १९५०-६० च्या दशकात रायगड, मुंबईकडून बरीच कुटुंबं दिमोना, अश्दोद, लोद इकडे गेली, आता त्यातलं एखादं कुटुंब पुढे न्यू जर्सीला आलं तर दिमोनात जन्मलेली मुलगी इस्रायली मोजली जाणार आणि पनवेलला जन्मलेले तिचे बाबा भारतीय, एकाच घरात राहून.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांकडून सुटते. इस्रायलमध्ये अमेरिकन आईवडिलांच्या पोटी जन्मलेली बरीच मुलं आहेत, ती मोठी होऊन अमेरिकेत येतात, पण ती जन्मापासूनच अमेरिकन नागरिक असतात आणि जनगणना ब्युरोच्या व्याख्येत ती "परदेशी जन्मलेली" धरलीच जात नाहीत. तुम्ही कच्च्या डेटातून नुसतं जन्मस्थान इस्रायल असा फिल्टर लावलात तर ती आत येतात. ती अमेरिकन आईवडिलांकडून इंग्रजी, इथल्या ओळखी सगळं घेऊनच येतात, त्यांचं उत्पन्न स्थलांतरितांच्या उत्पन्नात मिसळलं तर चित्र बिघडतं. नागरिकत्वाचा रकाना वापरून त्यांना वेगळं काढा.

मंगोलियन बाजूलाही तेच. न्यू जर्सीतल्या हॉवेल गावात काल्मिक लोकांची वस्ती आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांमधून १९५१-५२ च्या सुमाराला आलेली, वंशाने मंगोल, धर्माने तिबेटी परंपरेचे बौद्ध, पण मंगोलिया देशाशी जन्माचा संबंध नाही. इनर मंगोलियातून आलेला माणूस कागदावर चीनमध्ये जन्मलेला. आणि मंगोलिया देशातून आलेले लोक मुख्यतः १९९० नंतरचे, कारण अमेरिका-मंगोलिया राजनैतिक संबंधच मुळी जानेवारी १९८७ मध्ये सुरू झाले आणि १९९० च्या लोकशाही क्रांतीनंतर बाहेर जाणं शक्य झालं. तेव्हा तुम्ही "मंगोलियन मूळ" घेताय की "मंगोलियात जन्म" हे पहिल्या ओळीत लिहून टाका आणि मग शेवटपर्यंत तेच धरा. एका बाजूला जन्मदेश आणि दुसऱ्या बाजूला मूळ अशी तुलना अजिबात करू नका. तसं केलं की एकीकडे फक्त बाहेरून आलेले आणि दुसरीकडे इथेच जन्मलेली मुलंबाळंसुद्धा अशी गत होते.

आता डेटा. मुख्य आधार अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, म्हणजे एसीएस, दरवर्षी साधारण ३५ लाख पत्त्यांवर पाठवला जातो. तयार तक्त्यांवर फार विसंबू नका, कारण लहान देश बऱ्याचदा "इतर पूर्व आशिया" अशा डब्यात टाकलेले असतात. त्यापेक्षा मिनेसोटा युनिव्हर्सिटीचं आयपम्स (IPUMS, सर्व्हेतला एकेका माणसाचा कच्चा डेटा देणारी वेबसाइट) वापरा, फुकट आहे, ईमेलने नाव नोंदवायचं, हवे ते रकाने निवडायचे, फाइल तयार झाली की उतरवून घ्यायची. तिथे जन्मस्थानाचे दोन कोड असतात, एक ढोबळ आणि एक सविस्तर, आणि सविस्तरच घ्यायचा. ढोबळ कोडमध्ये मंगोलिया चीनच्या गटात जातो आणि इस्रायल पॅलेस्टाईनबरोबर एकत्र येतो, म्हणजे ढोबळ कोडवर काम केलंत तर अख्खी तुलनाच वेगळ्या लोकांची होईल आणि तुम्हाला कळणारही नाही.

वर्षांचं म्हणाल तर ५ वर्षांची एकत्र फाइल घ्या. एका वर्षाच्या फाइलमध्ये साधारण १ टक्का लोकसंख्या असते, ५ वर्षांच्या फाइलमध्ये ५ टक्के, म्हणजे वीसेक हजारांच्या समाजातून एका वर्षात दोनशेच्या आसपास माणसं मिळणार आणि पाच वर्षांत हजारभर. दोनशेतून लहान मुलं, म्हातारी माणसं वगळली की उरतं काय! २०२० ची एक वर्षाची फाइल कोविडमुळे ब्युरोने स्वतःच प्रायोगिक म्हणून काढली होती, ती एकटी वापरू नका. फाइल उघडल्यावर दोन गोष्टी लगेच तपासा: घराच्या उत्पन्नात ९९९९९९९ दिसलं तर तो "लागू नाही"चा कोड आहे, आणि गरिबीच्या रकान्यात ० दिसला तर तोही तसाच. हे काढायचं राहिलं की सरासरी आभाळाला भिडते. आणि प्रत्येक माणसाच्या पुढे जे वेट दिलंय (तो एक माणूस किती जणांच्या वतीने मोजायचा तो आकडा) ते लावल्याशिवाय कुठलाही आकडा काढू नका.

आता खरा मुद्दा, कोणते आकडे आणि कसे. सरासरी नको, मीडियन (सगळे आकडे क्रमाने लावले की बरोबर मधला) घ्या, कारण दोनचार खूप श्रीमंत घरांनी सरासरी फुगते आणि इस्रायली गटात अशी घरं आहेत. पण मीडियन घराचं उत्पन्न हेसुद्धा एकटं पुरत नाही. समजा एका घराचं उत्पन्न १,२०,००० डॉलर आणि माणसं ८, दुसऱ्याचं ७०,००० आणि माणसं ३. वरवर पहिलं घर कितीतरी सुखी वाटतं. घरातल्या माणसांच्या संख्येचं वर्गमूळ काढून उत्पन्नाला भागा, ही सगळीकडे वापरली जाणारी साधी पद्धत आहे: १,२०,००० भागिले २.८३ म्हणजे साधारण ४२,४००, आणि ७०,००० भागिले १.७३ म्हणजे साधारण ४०,४००. जवळजवळ सारखं! ब्रुकलिनच्या बरो पार्कसारख्या भागातली मोठी धार्मिक कुटुंबं आणि व्हर्जिनियातल्या अर्लिंग्टनमधलं तिघांचं मंगोलियन घर यांची तुलना करताना ही पायरी गाळली तर उत्तर चुकणारच.

घर कोणाचं धरायचं हाही प्रश्न आहे. नवरा इस्रायलचा, बायको अमेरिकेत जन्मलेली आणि वकील, तर घराच्या उत्पन्नातला मोठा भाग स्थलांतरिताचा नसतोच. म्हणून घराच्या उत्पन्नासोबत माणसाची स्वतःची कमाईसुद्धा वेगळी काढा, २५ ते ६४ वयाचे, वर्षभर पूर्णवेळ काम करणारे, आणि पुरुष-बाया वेगवेगळे. मग किती जण कामच करत नाहीत ते वेगळं सांगा, नाहीतर शिकणारे आणि घर सांभाळणारे लोक गायब होतात.

माझ्या मते या तुलनेत सगळ्यात महत्त्वाचा रकाना म्हणजे अमेरिकेत येऊन किती वर्षं झाली. इस्रायलमधून येणाऱ्यांची मोठी लाट १९७० आणि ८० च्या दशकातली, त्यातल्या अनेकांनी घराचं कर्ज फेडलंय, धंदे बसवलेत. मंगोलियन बरेचसे २००० नंतरचे, आणि बरेच जण स्टुडंट व्हिसावर येतात, दिवसा क्लास आणि मिळेल ते काम. उलानबातरमध्ये इंजिनिअर किंवा अकाउंटंट असलेली व्यक्ती डेन्व्हरला हॉटेलच्या खोल्या साफ करते, शिकागोकडे ट्रक चालवते, कारण तिकडची डिग्री आणि लायसन्स इथे धरत नाहीत आणि इंग्रजीही अजून पक्कं नसतं. सुरुवातीला सांगितलेलं डिग्री जास्त आणि गरिबीही जास्त हे कोडं बरंचसं इथेच सुटतं. तेव्हा दोन्ही समाजांचे तीन गट करा: ५ वर्षांपर्यंत, ६ ते १५, आणि १५ च्या वर, आणि नव्याची तुलना नव्याशी, जुन्याची जुन्याशी करा. आणि मग शिकत असलेल्यांना बाहेर काढून गरिबीचा आकडा पुन्हा एकदा काढा. होस्टेलमधले विद्यार्थी गरिबीच्या मोजणीत नसतात पण बाहेर भाड्याने राहणारे असतात.

दारिद्र्यरेषेचंही समजून घ्या. सरकारी योजनांसाठीची रेषा २०२४ साली चौघांच्या कुटुंबाला ३१,२०० डॉलर होती, अलास्का आणि हवाई सोडलं तर सगळीकडे तीच. ब्युरो ज्या रेषेवरून गरिबी मोजतो तीसुद्धा घरभाडं बघून बदलत नाही. आता इस्रायली वस्ती बघा: न्यूयॉर्क, उत्तर न्यू जर्सी, लॉस एंजेलिसची सॅन फर्नांडो व्हॅली, मायामी, सिलिकॉन व्हॅली, सगळं महागडं. मंगोलियन अर्लिंग्टन, डेन्व्हर, शिकागो, ओकलंड, लॉस एंजेलिस इकडे, तेही स्वस्त नाही, पण फरक आहे. ब्युरो ऑफ इकॉनॉमिक ॲनालिसिसची रीजनल प्राइस पॅरिटी मिळते, देशाची पातळी १०० धरून प्रत्येक राज्याची आणि मेट्रोची महागाई, ती १०० ने भागून जो आकडा येईल त्याने उत्पन्न भागून घ्या. आणि भाड्याचा बोजा नक्की काढा, उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त भाड्यात जातंय अशी किती घरं आहेत. पोटापाण्याची खरी ओढाताण या आकड्यात जितकी दिसते तितकी उत्पन्नात दिसत नाही.

वस्तीवरून माणसाचा अंदाज काढणं मात्र टाळा, हे मी आवर्जून सांगतोय कारण असे तक्ते खूप फिरतात. "ज्या भागात मंगोलियन जास्त तिथलं उत्पन्न इतकं, म्हणून मंगोलियन इतके कमावतात" असं गणित चालत नाही. अर्लिंग्टन हा देशातल्या सगळ्यात श्रीमंत काउंट्यांपैकी एक आहे, तिथे श्रीमंती सरकारी कॉन्ट्रॅक्टर आणि वकिलांची, आणि त्याच काउंटीत मंगोलियन कुटुंब दोन खोल्यांचं भाडं भरायला दोन-दोन नोकऱ्या करत असेल. माणसाचा आकडा माणसाच्या रेकॉर्डमधूनच काढायचा.

स्वतःचा धंदा करणाऱ्यांचा रकाना वेगळा बघा. इस्रायलहून आलेल्यांमध्ये हे प्रमाण बरंच आहे: बांधकाम, कुलूपकिल्ली, सामान हलवण्याच्या कंपन्या, मॅनहॅटनच्या ४७ व्या स्ट्रीटवरचा हिऱ्यांचा बाजार (तिथे शेजारच्याच गाळ्यात गुजराती व्यापारीही बसलेले असतात). धंदेवाल्याचं उत्पन्न वर्षागणिक वर-खाली होतं आणि सर्व्हेत ते कमी सांगितलं जाण्याची शक्यता पगारदारापेक्षा जास्त, म्हणून पगारदार आणि धंदेवाले एकत्र मिसळू नका. शिवाय एसीएस संपत्ती विचारत नाही. बँकेतली शिल्लक, शेअर, उलानबातर किंवा हैफातला फ्लॅट, घरी पाठवलेले पैसे, यातलं काहीच त्यात नाही. त्यामुळे तुमच्या कामाला "उत्पन्न आणि राहणीमानाची तुलना" म्हणा, कोण श्रीमंत हे त्यावरून ठरवता येत नाही.

शेवटी फरक खरा आहे का ते तपासा. ब्युरोच्या तक्त्यात ९० टक्के खात्रीचा मार्जिन ऑफ एरर, म्हणजे आकडा किती वर-खाली असू शकतो ते, दिलेला असतो. समजा एका गटाचं मीडियन ९०,००० अधिक-उणे ६,००० आणि दुसऱ्याचं ६२,००० अधिक-उणे ९,०००. दोन्ही मार्जिनचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा, हजारांत धरलं तर ३६ अधिक ८१ म्हणजे ११७, त्याचं वर्गमूळ १०.८, म्हणजे १०,८०० डॉलर. फरक २८,००० चा, तो याच्या कितीतरी वर, तर फरक पक्का. आता तेच एका शहरापुरतं केलंत आणि ७८,००० अधिक-उणे १४,००० विरुद्ध ७०,००० अधिक-उणे १७,००० आलं तर एकत्र मार्जिन साधारण २२,०००, आणि फरक फक्त ८,०००. यावरून काहीही म्हणता येत नाही, आणि लिहितानाही "फरक दिसत नाही" इतकंच लिहायचं. आयपम्सच्या कच्च्या डेटातून काम करत असाल तर हे मार्जिन ८० रेप्लिकेट वेट (मार्जिन काढण्यासाठीच दिलेले वेटचे जास्तीचे संच) वापरून काढायचं, आर आणि स्टाटा या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय आहे.

तक्ता बनवताना प्रत्येक आकड्याशेजारी मार्जिन आणि त्यामागे किती माणसांचं रेकॉर्ड आहे ते छापा. एखाद्या खान्यात पन्नासपेक्षा कमी रेकॉर्ड असतील तर मी तो खाना रिकामा ठेवतो, किंवा दोन गट जोडून टाकतो, उदाहरणार्थ मंगोलियन बाजूला १५ वर्षांच्या वरचे आणि ६ ते १५ वाले एकत्र, पण मग इस्रायली बाजूलाही तेच जोडायचं.