बेडूक-सापांच्या रक्तातले परजीवी कसे ओळखायचे

रक्ताची स्लाइड मायक्रोस्कोपखाली गेली की पहिला प्रश्न येतो, स्पीशीज कुठली? आणि गडबड इथेच होते. नुसत्या स्लाइडवरून बहुतेक वेळा तुम्ही गटापर्यंत पोचता, फार तर जीनसपर्यंत, म्हणजे स्पीशीजच्या वरच्या पातळीपर्यंत.

आधी परवानगी. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय जंगली सापा-बेडकाचं रक्त काढायचं नाही. विषारी साप तर शिकलेल्या माणसानेच नळीत घ्यावा. स्मीअरला, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या पातळ थराला, एक थेंब पुरतो, आणि जास्त लागलंच तरी वजनाच्या एक टक्क्याच्या वर अजिबात जाऊ नका, म्हणजे शंभर ग्रॅमच्या प्राण्याला जेमतेम एक मिली. रक्त गोठू नये म्हणून कासवाच्या रक्ताला हेपॅरिन वापरा, त्याच कामाच्या ईडीटीएमध्ये त्यांच्या लाल पेशी फुटू शकतात. स्मीअर पातळ काढा, लगेच वाळवा, मिथेनॉलमध्ये फिक्स करा आणि मग जिम्सा स्टेनने (रंगाने) रंगवा.

आता बघायला बसा. या प्राण्यांच्या लाल पेशी लांबट असतात आणि त्यांना केंद्रक असतं, हे डोक्यात ठेवा नाहीतर पेशीचं केंद्रकच परजीवी वाटायला लागतं. स्टेनचे कणही फसवतात, पण फोकस थोडा वर-खाली केला की ते पेशीच्या वरच्या थरात बसलेले कळतात.

पहिला प्रश्न, परजीवी पेशीच्या आत आहे की बाहेर? बाहेर असेल, पानासारखा पसरट किंवा सडपातळ, कडेला लहरी पडदा आणि एक गडद ठिपका, तर ट्रिपॅनोसोमा. हे नावच ग्रुबीने १८४३ मध्ये बेडकाच्या रक्तात बघून दिलं. ताज्या रक्ताचा थेंब कव्हरस्लिपखाली बघितला तर आजूबाजूच्या लाल पेशी हलताना दिसतात आणि त्यावरूनच ते सापडतात. बाहेर लांब वळवळणारा जंत दिसला तर ती मायक्रोफायलेरिया, म्हणजे जंताची अळी.

आत असेल तर बघा, रंगकण आहेत का? तपकिरी-सोनेरी चकाकणारे दाणे म्हणजे हिमोझोइन, आणि पोलराइज्ड प्रकाशात ते उजळून दिसतात. दाणे आहेत आणि रक्तातच विभाजनाचे टप्पेही सापडतायत तर सरड्यांमध्ये मलेरियाचा प्लाझ्मोडियम. दाणे आहेत पण नुसती गॅमेटोसाइट्सच (परजीवीच्या नर-मादी अवस्था) दिसतायत तर हिमोप्रोटियसच्या गटातला, मात्र हे ठरवायच्या आधी स्लाइड भरपूर बघा कारण विभाजनाचे टप्पे कमी असतात आणि सहज निसटतात.

दाणे नाहीत, केळ्यासारखा लांब गॅमॉंट (इथेही परजीवीची नर-मादी अवस्थाच) आहे आणि त्याने पेशीचं केंद्रक एका बाजूला ढकललंय, हे सापांमध्ये सगळ्यात जास्त दिसतं आणि बहुतेक वेळा हेपाटोझून असतं. पण हिमोग्रेगॅरिना, कॅरिओलायसस, हिमोलिव्हिया यांचे गॅमॉंटही जवळपास तसेच! बेडकात लँकेस्टरेला पण गोंधळात टाकतो. डॅनिलेव्स्कीने १८८५ मध्ये युरोपच्या तळ्यातल्या कासवात जो हिमोग्रेगॅरिना वर्णिला तो जळवांतून पसरतो आणि त्याचं विभाजन रक्तातही होतं, हेपाटोझूनचं मात्र यकृत-फुप्फुसासारख्या अवयवांत. खरा फरक वाहकात, म्हणजे परजीवी पसरवणाऱ्या रक्तपिप्या जीवात कळतो: हेपाटोझूनच्या ऊसिस्टमध्ये (तिथे तयार होणाऱ्या कोशात) स्पोरोसिस्ट नावाचे छोटे कोश भरलेले असतात, हिमोग्रेगॅरिनाच्यात ते नसतात.

पेशीत बारीक ठिपका आणि त्याच्याभोवती फिकट पोकळी, असं दिसलं तर परजीवीचं नाव द्यायची घाई नको. पायरहिमोसायटॉनला असंच परजीवी समजले होते, तो इरिडोव्हायरस, म्हणजे एक विषाणू निघाला.

म्हणून मोजमाप घ्या, निदान वीस-पंचवीस गॅमॉंटची लांबी-रुंदी, स्केलबारसकट फोटो, आणि किती पेशींमागे किती हे १०,००० पेशी मोजून. उरलेलं थोडं रक्त अल्कोहोलमध्ये ठेवून परजीवीचा १८एस जीन तपासा, मलेरिया गटासाठी सायटोक्रोम बी हा जीन. सीक्वेन्सच्या (डीएनएतल्या अक्षरांच्या क्रमाच्या) आलेखात एकाच जागी दोन शिखरं दिसली तर मिश्र संसर्गाची शंका घ्या आणि पुन्हा स्लाइडकडे या. अंगावर गोचीड, माइट किंवा जळू सापडली तर तीही वेगळ्या कुपीत अल्कोहोलमध्ये टाका आणि कुठल्या प्राण्यावरून काढली ते लेबलवर पेन्सिलने लिहा, पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.