पुण्याहून फुकेतला मुए थाई (थाई बॉक्सिंग) शिकायला येणाऱ्यांसाठी

दिवसाला दोन सत्रं, आठवड्याचे सहा दिवस, रविवारी सुटी. इथल्या बहुतेक कॅम्पांचं वेळापत्रक असं असतं. पैसे भरलेत म्हणून बाराही सत्रं वसूल करायला गेलेला माणूस चौथ्या-पाचव्या दिवशी सुजलेले पाय घेऊन खोलीत पडलेला सापडतो. पहिल्या आठवड्यात दिवसाला एकच सत्र करा, तेही सकाळचं. दुपारी १ ते ४ ही पुणेरी शिस्त मात्र इथेही काटेकोर पाळा.

महिन्याचं पॅकेज आधीच घेऊ नका, एका आठवड्याचे पैसे भरा. छलोंग भागातल्या सोई ताइयाद या एकाच रस्त्यावर भरपूर जिम आहेत. दोन-तीन ठिकाणी एकेक सत्र करून मग ठरवा. पॅड धरणाऱ्या एका ख्रूच्या (प्रशिक्षकाच्या) वाट्याला किती जण येतात आणि नवख्याची लाथ तो थांबवून सुधारतो की नुसता आकडे मोजतो, एवढं बघितलंत तरी पुरे. भिंतीवरचे विजेतेपदाचे पट्टे आणि फोटो बघून काही कळत नाही.

सिंहगड दर रविवारी चढणाराही इथे धापा टाकतो, कारण हवा दमट आहे. घाम वाळत नाही, म्हणून अंग गार होत नाही. या हवेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. नुसतं पाणी पीत राहिलात तर मीठ कमी पडून डोकं दुखतं, मळमळतं, पायात गोळे येतात. येताना ओआरएसची पाकिटं आणा. एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं सत्राआधी, उरलेलं नंतर.

सत्राची सुरुवात पंधरा-वीस मिनिटं दोरीवरच्या उड्यांनी होते. मग हवेत ठोसे-लाथा, पॅडवर तीन-तीन मिनिटांचे राउंड, बॅग, क्लिंच (एकमेकांना धरून जवळून झुंजणं) आणि शेवटी पोटाचे व्यायाम. नवख्यांची लाथ बॅगला पावलाच्या वरच्या भागाने बसते आणि तिथली बारीक हाडं दुखावतात. नडगीचा खालचा भाग लागला पाहिजे. जमत नसेल तर जोर कमी करा, अंतर कमी करा.

खरा घात करते ती कातडी. चवड्यावर गिरकी घेताना फोड येतात, ते फुटतात आणि त्याच पायाने लोक सगळ्यांच्या घामाने ओल्या मॅटवर उभे राहतात. जखम पोव्हिडोन आयोडीनने पुसून टेप लावा, सत्र संपताच साबणाने आंघोळ करा. भोवतीची लाली पसरू लागली, जागा गरम लागली किंवा पू आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हा जिवाणूसंसर्ग घरगुती उपायांनी जात नाही. क्लिंचमधून गजकर्ण हमखास येतं. त्यावर साधं क्लोट्रिमॅझोल लावा. आपल्याकडे मेडिकलमध्ये सर्रास मिळणारी स्टिरॉइड मिसळलेली मलमं आणू नका. खाज थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरते.

ग्लोव्ह्जच्या आत हाताला गुंडाळायच्या पट्ट्यांचे साडेचार मीटरचे तीन जोड हवेत, कारण पावसाळ्यात (मे ते ऑक्टोबर) एक जोड दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत नाही. ग्लोव्ह्ज इथेच घ्या. स्पारिंगसाठी १४ किंवा १६ औंस. माउथगार्ड मात्र पुण्यातल्या आपल्या दंतवैद्याकडून मापाचा करून आणा.

व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाचं संकेतस्थळ बघा. लांब मुक्कामासाठी २०२४ मध्ये सुरू झालेला डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) आहे. त्यात मुए थाई शिकणं बसतं, पण खात्यात ५ लाख बाट दाखवावे लागतात आणि जिमचं पत्र लागतं. डिजिटल आगमन कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट खोटी समजा.

स्कूटर भाड्याने घेणार असाल तर संगम पुलाजवळच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून या आणि त्यावर दुचाकीचा वर्ग आहे ना, हे तिथल्या तिथे तपासा. तो नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. प्रवास विम्यात लढतीचे खेळ बहुधा वगळलेले असतात. पॉलिसीतली ती ओळ शोधून वाचा.

शाकाहाऱ्यांनी 'भाजी' एवढंच सांगून भागत नाही, फिश सॉस आणि ऑयस्टर सॉस त्यात असतोच. 'किन जे' (शुद्ध शाकाहारी खातो) म्हणा, किंवा लाल अक्षरांचा पिवळा झेंडा लावलेली दुकानं शोधा. तिथे कांदा-लसूणही नसतो. अंडी आणि टोफू कुठेही मिळतात. थालीपिठाची भाजणी किलोभर आणाच, मात्र खोलीत शेगडी आहे का हे आधी विचारा.

रिंगजवळ वावरताना कुणाच्या डोक्याला हात लावू नका, देव्हाऱ्याकडे तळवे करून बसू नका. काही जुन्या जिममध्ये बायकांनी रिंगमध्ये सर्वांत खालच्या दोरीखालून जायचा रिवाज आहे. तो पटत नसेल तर पैसे भरण्याआधीच विचारा, तसा नियम नसलेल्या जिमही पुष्कळ आहेत.