सील नवं, गळती जुनीच

जुन्या लेथच्या गिअरबॉक्समधून तेल ठिबकत होतं. ऑइल सील, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याभोवती तेल अडवणारी रबरी कडी, बदललं, चार दिवसांत पुन्हा तेच. मग शाफ्ट (तो फिरणारा दांडा) हाताने वर-खाली हलवून पाहिला आणि खरा चोर सापडला: शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी, म्हणजे बुश, झिजला होता. शाफ्टच डगमगत असेल तर बिचारं सील काय करणार!

बुश ठोकून काढायचा मोह आवरला. पाइपचा तुकडा, लांब बोल्ट आणि नट लावून तो ओढून काढला. बुश ज्यात बसतो त्या हाउसिंगला ओरखडाही नाही. नवा गनमेटलचा (एक प्रकारचं कांसं) बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला, थंडीने किंचित आकसला म्हणून फारसा जोर न लावता बसला. पण दाबून बसवल्यावर बुशचं भोक थोडं आवळतं, हे मी विसरलोच होतो. शाफ्ट आत जाईना. शेवटी रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवून २५ मिमीच्या शाफ्टला साधारण ०.०४ मिमी मोकळीक ठेवली. (तेल मुरवलेला सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून-तापवून केलेला) बुश असता तर रीमर टाळला असता, त्याची बारीक छिद्रं बुजतात.)

जुन्या सीलने शाफ्टवर नख अडकेल एवढी खाच पाडली होती. म्हणून नवं सील २ मिमी आत बसवलं, स्प्रिंगची बाजू तेलाकडे. बसवताना कीवेवर (शाफ्टमधल्या चावीच्या खाचेवर) टेप गुंडाळला, नाहीतर त्या धारेने सीलचा ओठ, म्हणजे शाफ्टला टेकणारी कड, कापला जातो. पहिलं सील बहुधा मी असंच कापलं होतं.