ब्लोअरचा खोटा अलार्म कसा थांबवला

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ५५ किलोवॅटचा ब्लोअर आहे. त्याचा व्हायब्रेशन (कंपन) अलार्म दर पाळीला वाजायचा. मर्यादा २.८ मिमी प्रति सेकंद आरएमएस (कंपनाच्या वेगाची एक प्रकारची सरासरी), आणि रीडिंग त्याच्याच आसपास. शेवटी ऑपरेटर न बघताच रीसेट करू लागले. मला याचीच जास्त धास्ती वाटली.

यंत्रांचं कंपन मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ २०८१६-३, काढून वाचलं. १५ ते ३०० किलोवॅटच्या गटात २.८ ही बी झोनची, म्हणजे यंत्र दीर्घकाळ चालवायला चालेल अशा टप्प्याची, वरची मर्यादा आहे, पण कडक पायासाठी. आमचा ब्लोअर स्प्रिंगवर बसवलेला! लवचीक पायाला तीच मर्यादा ४.५, आणि सी झोन, म्हणजे फार काळ चालवू नये असा टप्पा, ७.१ पर्यंत.

तरी थेट ४.५ लावलं नाही. महिनाभर एकाच बेअरिंगवर, एकाच दिशेने, नेहमीच्या लोडवर रीडिंग घेतली. बेसलाइन, म्हणजे नेहमीची पातळी, २.६ आली. त्यात ४.५ चा पाव भाग मिळवून अलार्म ३.७ ला ठेवला, ट्रिप (यंत्र आपोआप बंद होणं) ७.१ ला.

दोन महिन्यांनी खराच अलार्म आला, ३.९ वर. स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या वारंवारतेला किती कंपन, त्याचा आलेख) २४.७ हर्ट्झला उंच शिखर, म्हणजे १४८० आरपीएम या फिरण्याच्या वेगालाच, अनबॅलन्स (फिरत्या भागाचं वजन असमान होणं). इम्पेलरच्या (ब्लोअरच्या फिरत्या चाकाच्या) पात्यांवर धूळ चिकटली होती. साफ केल्यावर रीडिंग २.४.