छंदाच्या सीएनसी राउटरचा कंट्रोलर सर्वांत शेवटी घ्यावा

घरगुती सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञांनी लाकूड कापणारे यंत्र, बांधायला घेणारे बहुतेक जण खरेदीची सुरुवात कंट्रोलर बोर्डापासून करतात, कारण तो भाग स्वस्त असतो, दोन दिवसांत घरपोच येतो आणि हातात पडला की काम सुरू झाल्यासारखे वाटते. माझेही तसेच झाले. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात यंत्राची चौकट अजून वेल्डिंगला पडलेली असतानाच पाच अक्षांचा एक बोर्ड माझ्या टेबलावर येऊन बसला होता. त्याला यूएसबीचा सॉकेट होता, लॅपटॉपला जोडताच दिवा लागला आणि त्यापुढे काहीही घडले नाही. संगणकासाठी ड्रायव्हर शोधण्यात दोन रविवार गेल्यावर बोर्डाची आकृती नीट पाहिली, तेव्हा उलगडा झाला की तो सॉकेट केवळ ५ व्होल्टचा पुरवठा घेण्यासाठी आहे. आज्ञा यायच्या त्या शेजारच्या २५ पिनांच्या पॅरलल पोर्टमधून, आणि तसा पोर्ट असलेला संगणक घरात नव्हताच. बोर्ड बिघडलेला नव्हता, फक्त माझ्याकडच्या कोणत्याच वस्तूशी त्याचे जमत नव्हते.

म्हणून आता कोणी विचारले तर मी खरेदीचा क्रम उलटा सांगतो. चित्रापासून कापलेल्या लाकडापर्यंत एक साखळी असते. आराखड्यावरून कॅम सॉफ्टवेअर कटरचा मार्ग ठरवते, पोस्ट-प्रोसेसर त्याची जी-कोड, म्हणजे यंत्राला द्यायच्या आज्ञांची, फाइल करतो, सेंडर ती फाइल ओळीओळीने कंट्रोलरकडे पाठवतो, कंट्रोलर तिचे पल्स, म्हणजे विजेचे छोटे ठोके, करतो, मोटरचा ड्रायव्हर त्या पल्सचा प्रवाह करतो आणि मोटर स्क्रू फिरवते. कंट्रोलर या साखळीच्या मध्यावर आहे. त्यामुळे आधी मोटर आणि स्क्रू, मग तुम्हाला वापरता येणारे कॅम सॉफ्टवेअर, ही दोन टोके पक्की करावीत आणि त्यांच्यामध्ये बसेल असा कंट्रोलर निवडावा.

मोटरच्या टोकाला एकच हिशेब करायचा असतो, पण तो कागदावर करायलाच हवा. साध्या स्टेपर मोटरच्या एका फेऱ्याला २०० पायऱ्या असतात. ड्रायव्हरवर ८ मायक्रोस्टेप ठेवले, म्हणजे प्रत्येक पायरीचे आठ भाग केले, तर एका फेऱ्याला १,६०० पल्स लागतात. १६ मिलिमीटर व्यासाचा आणि ५ मिलिमीटर लीडचा (लीड म्हणजे एका फेऱ्यात नट सरकतो ते अंतर), म्हणजे दुकानदार ज्याला ‘सोळा-शून्य-पाच’ म्हणतात तो बॉल स्क्रू असेल, तर १,६०० भागिले ५, म्हणजे दर मिलिमीटरला ३२० पल्स झाले. मिनिटाला ३,००० मिलिमीटर वेग हवा असेल तर तो सेकंदाला ५० मिलिमीटर होतो, म्हणून कंट्रोलरला सेकंदाला १६,००० पल्स द्यावे लागतील. आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर चालणाऱ्या जीआरबीएल या कंट्रोलर सॉफ्टवेअरची मर्यादा साधारण ३०,००० पल्सची आहे, तेव्हा हे आरामात जमते. मात्र ‘अधिक बारीक काम होईल’ या समजुतीने मायक्रोस्टेप ३२ केले, तर तोच वेग ६४,००० पल्स मागतो आणि उनो तिथे पुरा पडत नाही. लाकूड आणि एमडीएफ कापणाऱ्या यंत्राला एवढ्या मायक्रोस्टेपची गरजही नसते, कारण स्क्रूचा आणि चौकटीचा ढिलेपणा त्याहून कितीतरी मोठा असतो.

या हिशेबात एक खड्डा आहे. टी८ नावाने मिळणाऱ्या स्वस्त लीड स्क्रूच्या आट्यांमधले अंतर २ मिलिमीटर दिसते, पण त्याच्या नेहमीच्या प्रकारात चार समांतर आटे कापलेले असल्याने एका फेऱ्यात नट ८ मिलिमीटर सरकतो. हिशेबात २ धरले तर यंत्र ठरल्यापेक्षा चौपट धावेल. लीड मोजण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे स्क्रू हाताने एक पूर्ण फेरा फिरवून नट किती सरकला ते व्हर्नियरने पाहणे.

नेमा १७ आणि नेमा २३ हे मोटरच्या पुढच्या चौकोनाचे माप आहे, ताकदीचे नव्हे. ताकद किलोग्रॅम-सेंटिमीटरमध्ये आणि प्रवाह अँपिअरमध्ये वेगळा दिलेला असतो, आणि ड्रायव्हर ठरतो तो या प्रवाहावर. शील्डवर, म्हणजे उनोवर चढवायच्या जोडबोर्डावर, बसणारे ए४९८८ हे चिमुकले ड्रायव्हर हीटसिंकशिवाय १ अँपिअरच्या आसपास आणि डीआरव्ही८८२५ सुमारे दीड अँपिअर देतात, त्यामुळे ते नेमा १७पुरते ठीक आहेत. नेमा २३च्या २.८ अँपिअरच्या मोटरला डीएम५४२सारखा स्वतंत्र ड्रायव्हर घ्यावा, ज्याची मर्यादा ४.२ अँपिअर आणि ५० व्होल्ट आहे, आणि सोबत ३६ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठा) घ्यावा. टीबी६६०० स्वस्त पडतो, पण त्याच नावाच्या खोक्यात अनेकदा कमी क्षमतेची वेगळी चिप असते, म्हणून खोक्यावरचे ४ अँपिअर खरे मानू नयेत.

ड्रायव्हरवरचे छोटे डिप स्विच मोटरच्या प्रवाहाशी जुळवणे हे पाच मिनिटांचे काम मी एकदा टाळले होते. शेजाऱ्यांसाठी एमडीएफमध्ये दारावरची पाटी कोरायला घेतली. आडनाव आणि मजला व्यवस्थित उतरला, पण खालच्या ओळीतल्या ‘ठाणे’ शब्दातल्या ‘ठ’चा गोल मिटलाच नाही, शेवट सुरुवातीपासून दोनेक मिलिमीटर खाली येऊन थांबला आणि पुढची सगळी अक्षरे तेवढीच खाली सरकली. ड्रायव्हर दीड अँपिअरवर होता आणि प्रवेग मात्र मी भरपूर वाढवून ठेवला होता, त्यामुळे जड गँट्री (कटर वाहून नेणारा आडवा पूल) एका वळणावर पायऱ्या चुकली. स्टेपर मोटरला आपण चुकलो हे कळत नाही आणि ती कंट्रोलरला तसे सांगतही नाही, तेव्हा असा दोष दिसला की सॉफ्टवेअरमध्ये डोके घालण्याआधी प्रवाह आणि प्रवेग तपासावेत.

आता फाइलचे टोक पाहू. जी-कोड ही एकच भाषा आहे असे म्हणतात, पण तिच्या बोली अनेक आहेत. उनोवरच्या जीआरबीएल १.१ला टूल बदलण्याची एम६ ही आज्ञा आणि ड्रिलिंगचे जी८१ हे तयार चक्र कळत नाही. दुसऱ्या कंट्रोलरसाठी काढलेली फाइल त्याला दिली, तर सुरुवातीच्याच ‘टी१ एम६’ या ओळीवर ‘एरर २०’ येते आणि नवखा माणूस वायरी तपासत बसतो. यावर उपाय साधा आहे: कॅम सॉफ्टवेअरमध्ये जीआरबीएलचाच, मिलिमीटरमधला पोस्ट-प्रोसेसर निवडावा आणि फाइलच्या वरच्या दहा ओळी नोटपॅडमध्ये उघडून जी२१ आहे की इंचांचा जी२० आहे ते पाहावे. फ्यूजन या कॅड-कॅम सॉफ्टवेअरच्या मोफत वैयक्तिक परवान्यात २०२०पासून जलद हालचाली कापण्याच्या वेगानेच होतात आणि अनेक टूलची एकत्र फाइल निघत नाही. तो यंत्राचा दोष समजू नये. नावाच्या पाट्या, जाळ्या आणि गणपतीच्या मखरांची नक्षी एवढेच करायचे असेल तर ईझलसारखे सोपे सॉफ्टवेअर पुरते, आणि पूर्ण मोफत मार्ग हवा असेल तर फ्रीकॅड आहे. कोणतेही निवडा, पण त्याच्या पोस्ट-प्रोसेसरच्या यादीत तुमच्या कंट्रोलरचे नाव आहे याची खात्री पैसे देण्यापूर्वी करा.

दोन्ही टोके ठरली की कंट्रोलरचा प्रश्न बराच लहान होतो. तीन अक्ष, वर काढलेल्या हिशेबात बसणारा वेग आणि साधा लॅपटॉप असेल, तर उनो आणि जीआरबीएल पुरे आहे. त्यासोबत युनिव्हर्सल जी-कोड सेंडर किंवा कँडल चालतो. उनोच्या स्वस्त नकलेवर बहुधा सीएच३४० ही यूएसबी चिप असते आणि काही संगणकांवर तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. चौथा फिरता अक्ष हवा असेल, किंवा गँट्रीच्या दोन मोटरींनी होमिंगच्या, म्हणजे यंत्र आपला मूळ बिंदू शोधते त्या, वेळी स्वतंत्रपणे काटकोन साधायला हवा असेल, तर ईएसपी३२ बोर्डावरचे फ्लुइडएनसी किंवा टीन्सी ४.१ बोर्डावरचे जीआरबीएल-हॅल हे सॉफ्टवेअर पाहावे. हे दोन्ही बोर्ड ३.३ व्होल्टचे आहेत आणि मोठ्या ड्रायव्हरना ५ व्होल्टचा संकेत हवा असतो, म्हणून मध्ये संकेत चढवणारा बफर असलेला तयार बोर्डच घ्यावा.

मॅक-३ हा संगणकावरून यंत्र चालवणारा प्रोग्रॅम आपल्याकडच्या साइनबोर्डवाल्यांमध्ये अजून दिसतो. पॅरलल पोर्टवरून चालवायचा तर त्याला ३२ बिटांचे जुने विंडोज लागते. यूएसबीवरून चालवायचा तर वेगळे मोशन कार्ड आणि त्याच कार्डाचे प्लगिन लागते. बोर्डासोबत सीडीवर मिळणाऱ्या फुकट प्रतींवर विसंबू नये, हे सांगायला नकोच. लिनक्ससीएनसी हा तसाच दुसरा प्रोग्रॅम मला मनापासून आवडतो, पण पॅरलल पोर्टवर त्याचे यश संगणकाच्या स्वभावावर अवलंबून असते: त्यातली लेटन्सी चाचणी चालवून कमाल जिटर (पल्सच्या वेळेतली चुकामूक) १५-२० मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर उत्तम, १००च्या वर गेला तर तो संगणक या कामाचा नाही. लॅपटॉप येथे बहुधा नापास होतात. संगणकच नको असेल तर पेनड्राइव्हवरून फाइल वाचणारा हातातला डीएसपी कंट्रोलर आहे. तो महाग पडतो, पण धुळीच्या गाळ्यात बराच टिकतो.

उनोवर बसणाऱ्या तिसऱ्या आवृत्तीच्या सीएनसी शील्डबद्दल मात्र थोडे थांबून सांगायला हवे, कारण मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सर्रास मिळणारा तोच आहे. हा शील्ड जीआरबीएलच्या जुन्या आवृत्तीच्या काळातला. पुढे स्पिंडलचा, म्हणजे कटर फिरवणाऱ्या मोटरचा, वेग बदलता यावा म्हणून जीआरबीएलमध्ये पिन ११ आणि पिन १२ यांची अदलाबदल झाली, पण शील्डवरची छपाई तशीच राहिली. त्यामुळे जीआरबीएल १.१ वापरताना झेड अक्षाचा लिमिट स्विच (अक्ष टोकाला पोहोचल्याचे सांगणारा) ‘स्पिंडल एनेबल’ लिहिलेल्या पिनांवर जोडायचा आणि स्पिंडलच्या वेगाचा संकेत ‘झेड’ लिहिलेल्या एंडस्टॉपच्या पिनेवरून घ्यायचा. छापल्याप्रमाणे जोडले तर होमिंगला झेड अक्ष वर जातो, स्विच दाबला जातो आणि मोटर तरीही घरघरत राहते.

स्पिंडल साधा ट्रिमर (सुताराचा हातातला राउटर) असेल तर रिले पुरतो. व्हीएफडीवरचा, म्हणजे वारंवारता बदलून वेग ठरवणाऱ्या उपकरणावरचा, स्पिंडल असेल, तर जीआरबीएलचा ५ व्होल्टचा पीडब्ल्यूएम संकेत ० ते १० व्होल्टमध्ये बदलणारे छोटे मोड्यूल मध्ये लागते. २४,००० फेऱ्यांच्या स्पिंडलसाठी व्हीएफडीची कमाल वारंवारता ४०० हर्ट्झ असते. ५० हर्ट्झवर ठेवून चालवल्यास स्पिंडल तापून जळू शकतो. व्हीएफडीची केबल शील्डेड असावी, लिमिट स्विचच्या वायरींपासून दूर न्यावी, आणि स्विच ‘नॉर्मली क्लोज्ड’ पद्धतीने जोडावेत, म्हणजे तुटलेली वायर यंत्र आपोआप थांबवते. काम चालू असताना यूएसबीचा संपर्क तुटत असेल तर पहिला संशय अर्थिंगवर घ्यावा. जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनेला खरी अर्थ असतेच असे नाही, म्हणून वायरमनकडून ती तपासून घ्यावी.

इमर्जन्सी स्टॉपचे लाल बटण सॉफ्टवेअरच्या भरवशावर ठेवू नये. ते दाबल्यावर ड्रायव्हरचा आणि स्पिंडलचा वीजपुरवठा कॉन्टॅक्टर या मोठ्या विद्युत स्विचमार्फत तुटला पाहिजे, कारण नेमक्या त्याच क्षणी लॅपटॉप अडकलेला असू शकतो. होमिंगचे स्विचही चैन म्हणून टाळू नयेत: वीज गेल्यावर यंत्राला आपण कुठे आहोत हे आठवत नाही, पण जीआरबीएल कामाचा शून्यबिंदू जी५४मध्ये साठवून ठेवतो, त्यामुळे पुन्हा होमिंग केले की अर्धवट राहिलेली पाटी तिथूनच पुढे नेता येते.

पहिली चाचणी कटरशिवाय करावी. कोलेटच्या (कटर पकडणाऱ्या चिमट्याच्या) जागी बॉलपेन बांधून कागदावर १०० मिलिमीटरचा चौकोन काढावा आणि बाजू व कर्ण मोजावेत. बाजू ९८ आली तर $१०० किंवा $१०१ची (एक्स आणि वाय अक्षांच्या दर मिलिमीटर पल्सची) किंमत त्याच प्रमाणात, म्हणजे ३२० असेल तर ३२६.५ करण्याआधी मायक्रोस्टेपचे स्विच आणि कपलिंगचे स्क्रू पाहावेत, कारण बॉल स्क्रूवर दोन टक्क्यांची चूक सहसा स्क्रूची नसते. सगळे जुळले की सेंडरमध्ये $$ टाइप करून येणारी सेटिंगची यादी छापावी आणि कंट्रोल बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावी. पुढे बोर्ड बदलावा लागला तर ते सर्व आकडे तिथूनच पुन्हा भरता येतात.