नंदीवर नक्षी उतरवायचा कागद घरीच करा

तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीवर झूल रेखायची, तर नुसत्या हाताने दोन्ही बाजू सारख्या येत नाहीत. बाजारचा निळा कार्बन मात्र टाळा. तो मेणकट असतो, खोडरबरने जात नाही आणि पिवळ्या रंगाखालून त्याची रेघ डोकावते.

स्टेशनरीतला बटर पेपर घ्या, स्वयंपाकघरातला नको. स्वयंपाकघरातल्याच्या गुळगुळीत थरावर शिसं बसत नाही. 6बी पेन्सिल आडवी धरून एकाच बाजूला आधी उभी, मग आडवी दाट घासा. एचबीत माती जास्त, म्हणून ती फिकी उतरते. कापसाच्या बोळ्यावर सर्जिकल स्पिरिटचे 4-5 थेंब टाकून गोल फिरवा. बोळा ओलसर हवा. निथळता असला तर शिसंच पुसून निघतं. चुलीजवळ, दिव्याजवळ हे करू नका. वाळलं की आणखी एक थर द्या आणि कोरड्या कापसाने सुटी पूड झटका. बोटाला किंचित राखाडी लागलं तर ठीक. बोट काळं झालं तर अजून पुसा, नाहीतर सागवानावर हात टेकेल तिथे डाग पडेल.

काळी बाजू लाकडाकडे, वर चित्र, कडांना चिकटपट्टी. संपलेल्या बॉलपेनने गिरवा. पोटाच्या गोलाईवर कागद सरकतो, तिथे कडेला दोन-तीन चिरा द्या. दुसऱ्या बाजूसाठी चित्र खिडकीच्या काचेला लावून मागून गिरवून घ्या.

गडद रंगावर पांढरा खडू घासलेला कागद चालतो, स्पिरिटशिवाय. तो एकदाच कामाचा. शिशाचा बराच पुरतो.